पिशवीचा डबा

डबा वाजत नाही म्हणून परत आला होता.

एखादा असता तर जयवंतानं समजून घेतलं असतं. बावड्याच्या दुकानदारानं अख्खं खोकंच एसटीच्या टपावर टाकून बारामतीला माघारी धाडलं होतं. वर निरोप काय, तर रिकामा माल देऊन लोकांना फसवू नका! एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जयवंता शिंगाडे त्या खोक्यापुढं उभी होती आणि तिच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. तिनं एक डबा उचलला, बटण दाबलं. जांभळ्या औषधाची धार सप्पकन समोरच्या भिंतीवर गेली. दुसरा उचलला, पालथा धरला, दाबला. तीच धार, तोच जोर. तिसऱ्या वेळी कारखान्याचे मालक आप्पासाहेब मध्ये आले आणि त्यांचा पांढरा सदरा जांभळा झाला.

"अहो बाई, माझ्यावर कशाला!"

"भरलाय का रिकामाय? आता तुम्हीच सांगा!"

"मी कुठं रिकामा म्हणतोय? गिऱ्हाईक म्हणतंय. डबा उचलतं, कानाशी नेतं, खळाखळा हलवतं. आत काय वाजतच न्हाय. दुसरा दाखवा म्हणतं. दुसराबी मुका. मग म्हणतं, ह्यात हवा भरून इकताय व्हय?" आप्पासाहेबांनी सदऱ्याचा डाग चोळून आणखी पसरवला. "माझं ऐका. आत एक गोटी टाका."

"गोटीनं पिशवी फाटंल."

"मग बारकी गोटी टाका."

जयवंतानं कपाळाला हात लावला. आप्पासाहेब मूळचे माळेगावचे ऊसवाले, साखर कारखान्याचे सभासद. ऊस गाळपाला कधी जाणार ह्या काळजीतून जरा मोकळं व्हावं म्हणून त्यांनी हा फवाऱ्याच्या डब्यांचा धंदा काढलेला. माणूस मनानं दिलदार, पण यंत्रातलं काही समजून सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

आता हे पिशवीचं प्रकरण काय होतं ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही डबा कानाशी नेऊन हलवत बसाल. साध्या फवाऱ्याच्या डब्यात औषध आणि गॅस एकातच असतात. खाली औषध, वर गॅस. डबा सरळ धरून बटण दाबलं की गॅस औषधाला नळीतून वर रेटतो. शहरात हे ठीक आहे. तिथं माणूस आरशापुढं सरळ उभा राहून काखेत सेंट मारतो. पण मेंढराच्या खुरात जखम झालीय, शेपटाखाली किडे पडलेत, तिथं काय करणार? मेंढरू बुडावर बसवायचं, दोन्ही गुडघ्यांत आवळायचं, एका हातानं पाय धरायचा आणि उरलेल्या हातानं डबा जमेल तसा, म्हणजे बहुतेक पालथाच, धरायचा. पालथ्या डब्यातून नुसता गॅस फुस्सकन निघून जातो. औषध राहतं आत, जोर जातो बाहेर, आणि डबा ठार. शिवाय तो गार गॅस जखमेवर बसला की मेंढरू असं उसळतं की धरणाऱ्याची हनुवटी फुटते.

जयवंताच्या बापाची, गेणबाची, अशी दोनदा फुटली होती. सणसरच्या शिवारात शिंगाड्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडणारं घर. कॅनॉलचं पाणी आलं, चुलत्यांनी ऊस लावला, गेणबानंही लावला, पण पाच-पंधरा मेंढरं जाळीच्या वाघरात ठेवलीच. मेंढराशिवाय घराला वास येत नाही, म्हणायचा. पोरगी मशीनचा डिप्लोमा करून डब्यांच्या कारखान्यात लागली आणि पहिल्यांदा घरी फवारा घेऊन आली, तेव्हा त्यानं तो डबा अर्धा वापरून कुत्र्याला फेकून मारला होता. "तुज्या डब्यापेक्षा हळद-तेल बरं," एवढंच म्हणाला.

ते बोलणं जयवंताला फार लागलं. त्यातूनच तिनं हा डबा काढला. गॅस आणि औषध यांची फारकतच करून टाकली. औषध एका बारीक, चिवट, चकचकीत पिशवीत. पिशवीचं तोंड वरच्या व्हॉल्व्हला घट्ट बसवलेलं. पिशवी डब्याच्या आत आणि पिशवीभोवती दाब. बटण दाबलं की भोवतीचा दाब पिशवीला पिळतो आणि नुसतं औषध बाहेर येतं. पालथा धरा, आडवा धरा, आभाळाकडं धरा. दाब जागचा हलत नाही, बाहेर येत नाही, औषधाला शिवत नाही. मेंढरू उसळत नाही, कारण त्याला गार लागतच नाही. आणि डबा वाजत नाही, कारण पिशवीत हलायला जागाच नाही. एवढं साधं! एवढं साधं ती चार महिने जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत होती आणि लोक डबा कानाशी नेत होते.

तिनं डब्यावर ठळक छापून घेतलं, 'हलवू नका'. इंदापूरच्या दुकानदारानं ते वाचलं, मान डोलावली आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना सवयीनं दोनदा हलवून दिलं.

सगळ्यात ताप म्हणजे घरचा. सणसरला गेली की गेणबा ओट्यावरच गाठायचा.

"जये, तुजा डबा सुरवातीला पैलवान अन् शेवटाला म्हातारं."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी! पहिल्यांदा धार जाती ती पार पल्याडच्या मेंढराला लागती. निम्मा झाला की मुतल्यागत. पाव डबा तर आतच ऱ्हातो. मी पैसं आख्ख्या डब्याचं दिल्यात."

"तुमी एक पैसा दिलेला न्हाय, आबा. मी फुकट आणलाय."

"फुकट असला म्हणून काय झालं? दम पायजे का नको?"

आणि इथंच पंचाईत होती, कारण बाप खरं बोलत होता. पिशवीभोवती जयवंतानं साधी हवा भरली होती, सायकलच्या ट्यूबमध्ये असते तसली. औषध निघून जाईल तशी पिशवी आकसायची, हवेला जागा व्हायची, आणि ऐसपैस झालेल्या हवेला जोर कुठला? शेवटच्या पाव डब्याला धार नव्हती, नुसता ओघळ होता.

आतून तानूबाई ओरडायची, "आगं, त्ये ऱ्हाऊ दे. डबं आणल्यास का?"

तानूबाई म्हणजे गेणबाची बहीण, जयवंताची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि घर हातात घेतलं. ह्या बाईच्या तावडीत सापडलेला कुठलाही डबा मेल्यावर जन्माला यायचा. डालड्याच्या डब्यात तुळस. बेबीफूडच्या डब्यात ज्वारीचं माप. आणि फवाऱ्याचा डबा सापडला की त्याची चिमणी. चुलीपुढं बसायचं, डबा दोन पायांत धरायचा, खिळा आणि वरवंट्यानं वरची टोपी उचकटायची, वातीपुरतं भोक पाडलेलं झाकण बसवायचं आणि रॉकेल ओतायचं. वीज तर काय, आली तर पाहुणी. जयवंता कारखान्यातले पोचे पडलेले, तोंड नीट न बसलेले साधे डबे आत्यासाठी पिशवीभर घेऊन यायची. आत्या चिमण्या करून वस्तीवर वाटायची. लोक तिला चिमणीवाली म्हणायचे आणि ती ते बिरूद मिरवायची.

"एवढी शिकली भाची, पर डबं आणायचं इसरत न्हाय," असं ती बायकांना कौतुकानं सांगायची. जयवंताला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या एका औषध कंपनीचे देवस्थळी म्हणून साहेब कारखान्यात आले. जनावरांच्या जखमांचं औषध राज्यभर विकायचं, त्याला डबा हवा होता. पिशवीचा डबा त्यांनी पालथा करून चालवला, आडवा करून चालवला आणि खूश झाले. एकदासुद्धा हलवला नाही! जयवंताला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग त्यांनी बटण दाबून ठेवलं ते डबा संपेपर्यंत, आणि शेवटचा ओघळ त्यांच्या चकचकीत बुटावर पडला.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "शेवटच्या थेंबापर्यंत हाच जोर हवा. ते जमलं तर सगळं काम तुमचं. नाहीतर आम्ही आपला साधाच डबा घेतो."

ते गेल्यावर आप्पासाहेबांनी सरळच सांगितलं. "बाई, लई दिवस झालं ह्या पिशवीचं कवतिक. हे साहेब हो म्हणलं तर तुमचा डबा ऱ्हाईल. न्हाय म्हणलं तर पिशव्या बंद आणि तुमी पावडरच्या डब्यांच्या टोपणांची चित्रं काढायला बसा. मग माझ्याम्होरं रडायचं न्हाय."

पावडरच्या डब्यांची टोपणं! पाच वर्षं ती तेच करत होती. गोल टोपण, चौकोनी टोपण, फुलाचं टोपण. जयवंता त्या दिवशी जेवली नाही.

उपाय तिला ठाऊक होता. आधीच ठाऊक होता. हवेच्या जागी गॅस भरायचा, साध्या डब्यात भरतात तोच, घरच्या शेगडीच्या जातीचा, फक्त वास काढून टाकलेला. ह्या गॅसची तऱ्हा वेगळी. दाबाखाली तो थोडा पातळ होऊन तळाला बसतो. पिशवी आकसून जागा झाली की तेवढाच उकळून वर येतो. म्हणून पहिल्या थेंबाला जो जोर, तोच शेवटच्या थेंबाला. गॅसची लाइन तर कारखान्यात होतीच. हवेवर ती अडून बसली होती ती आपली उगीच, गॅस म्हटलं की मन जरा कचरतं म्हणून.

मन मारून तिनं गॅस भरला. मग मात्र काही कसर ठेवली नाही. भरलेले डबे गरम पाण्यात बुडवले, छपरावरून खाली टाकले, आठवडाभर उन्हात ठेवले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून माळेगावच्या खडबडीत रस्त्यानं फिरवले. एक फुटला नाही, एक गळला नाही. व्हॉल्व्हची बैठक तिनं अशी आवळली की गॅसला बाहेर यायला सुईच्या टोकाएवढी वाट उरली नाही. त्याचा तिला फार अभिमान वाटला.

देवस्थळी म्हणाले, मला खरं मेंढरू आणि खरा मेंढपाळ दाखवा. झालं! गेणबाची निवड झाली.

रविवारी दुपारी आप्पासाहेबांची जीप सणसरच्या वस्तीवर येऊन थांबली. गेणबानं धुतलेलं धोतर, नवा फेटा असा थाट केला होता. जयवंतानं त्याला आधीच बजावून ठेवलं होतं, "आबा, कमी बोला. आन् डबा हलवायचा न्हाय." त्यानं मान डोलावली. मेंढरू बुडावर बसवलं, गुडघ्यांत आवळलं, डबा हातात घेतला आणि पाहुण्यांच्या तोंडापुढं खांद्यापासून हात घुमवून गदागदा हलवायला लागला.

"आबा!"

"आगं, मी कुठं हलवतोय? हातच हालतोय त्यो."

आप्पासाहेब आभाळाकडं बघायला लागले. जयवंताला वाटलं, आता धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण गेणबानं डबा पालथा करून बटण दाबलं आणि जांभळी धार बरोबर खुरात बसली. मेंढरानं कान हलवला, बाकी काही नाही. दुसरं मेंढरू घेतलं, तिसरं घेतलं. गेणबाला चेव चढला. जखम नसलेल्या मेंढरांनाही त्यानं रंगवून काढलं. डबा हलका होत चालला आणि जयवंताचा जीव टांगणीला लागला. शेवटच्या मेंढराला धार गेली ती पहिल्यासारखीच सणसणीत, आणि मग एकदम थांबली. ओघळ नाही, थेंब नाही.

गेणबा डब्याकडं बघतच राहिला. "आयला! म्हातारं झालंच न्हाय की हे!"

बापाच्या तोंडून डब्याबद्दल पहिल्यांदा बरं काही निघालं होतं. जयवंताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते धुरळ्याच्या नावावर पुसून टाकलं. देवस्थळी तिच्याकडं वळून म्हणाले, "पक्कं. बाई, तुमचा डबा घेतला आम्ही." आप्पासाहेबांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की साहेबांचा चष्मा नाकावर आला. गेणबानं रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि घराकडं तोंड करून आरोळी दिली, "तानू, च्या टाक गं! गोड कर!"

सगळे बाजेवर टेकले. गप्पा रंगल्या. बऱ्याच वेळानं चहा का येत नाही म्हणून जयवंता आत गेली.

चुलीवर चहा उकळत होता. चुलीपुढं तानूबाई पाय पसरून बसली होती, आणि तिच्या दोन पावलांमध्ये तो डबा उभा होता. ओट्यावरनं कधी उचलून आणला कुणास ठाऊक. टोपीच्या कडेला तिनं खिळा धरला होता आणि दुसऱ्या हातातला वरवंटा वर उचललेला होता.

"आत्ये!"

ती ओरडली कशी आणि पोचली कशी हे तिचं तिला कळलं नाही. डबा तिनं पावलांमधून ओढून घेतला. वरवंटा चुलीच्या काठावर आपटला, राख उडाली, चहा सांडला.

"आगं बया! काय येड लागलं का तुला?" तानूबाई भडकली. "आंगावर आला आसता की धोंडा!"

"हातात काय घेतलंस ते कळतंय का तुला? गॅस हाय ह्यात!"

"कुठला गॅस? रिकामा हाय की त्यो!" तानूबाईनं तिच्या हातातल्या डब्याचं बटण दाबून दाखवलं. काही आलं नाही. डबा धरून तिनं जयवंताच्या कानाशी हलवला. "बग. वाजतोय का? फुस्सबी करत न्हाय. वासबी न्हाय. मी काय आज चिमण्या करतीया व्हय?"

जयवंतानं डबा चुलीपासून लांब धरला.

आत्याचं कुठं चुकत होतं? डबा हलवून बघितला, दाबून बघितला, हुंगून बघितला. रिकामा डबा ओळखायच्या जेवढ्या रीती ह्या मुलखात होत्या तेवढ्या सगळ्या तिनं केल्या होत्या, आणि डब्यानं सगळ्यांना खोटंच उत्तर दिलं होतं. साधा डबा संपला म्हणजे गॅसही संपला. हा डबा संपला तरी गॅस होता तेवढाच आत, सगळाच्या सगळा, तोच जोर धरून, वास नाही, आवाज नाही. आणि समोर चूल पेटलेली. वाजत नाही म्हणून भरलेला डबा रिकामा समजणाऱ्या लोकांवर ती चार महिने चिडत होती. आता हा वाजत नव्हता आणि भरलेलाच होता. असा डबा कुणी केला? मीच केला, माझ्या ह्या हातांनी केला, असं तिच्या मनात आलं.

ती डबा घेऊन परसात गेली. आधी ह्यातला गॅस सोडून देऊ, मग बोलू. तिनं डबा उलटा केला, सुलटा केला. व्हॉल्व्ह दाबला तर वाट पिशवीत जाते आणि पिशवी तर मोकळी. तोंडाच्या कडेनं नखही शिरत नव्हतं. सोडणार कुठून? तिनं सुईच्या टोकाएवढीसुद्धा वाट ठेवली नव्हती. स्वतः बनवलेला डबा रिकामा कसा करायचा हे तिलाच माहीत नव्हतं. भरलेल्या डब्याला तिनं उन्हात ठेवलं, पाण्यात बुडवलं, छपरावरून टाकलं. संपलेल्या डब्याकडं तिनं एकदासुद्धा बघितलं नव्हतं. आणि तानूबाईच्या घरात लहानाची मोठी झालेल्या पोरीला हे सुचू नये? तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बाहेरून आप्पासाहेबांचं गडगडाटी हसू ऐकू येत होतं. क्षणभर तिच्या मनात आलं, काही बोलू नये. डबा पदराखाली घ्यावा, बारामतीला न्यावा. साहेब पक्कं म्हणालेत. पावडरच्या टोपणांना कायमचा रामराम. पण तानूबाई दारात उभी राहून पुटपुटत होती, "आज अमुशा, वीज न्हाय, आन् एक डबा मागितला तर डोळं वटारती."

जयवंता ओट्यावर आली. "साहेब, डबा तयार नाही."

देवस्थळी हसले. त्यांना थट्टा वाटली. मग तिनं सगळं सांगितलं, डबा हातात घट्ट धरूनच.

"त्यात काय?" देवस्थळी म्हणाले. "डब्यावर छापू. रिकामा डबा फोडू नका."

"आत्याला वाचता येत नाही. आबांना येतं, पण ते वाचत नाहीत."

"मग शिकवा लोकांना."

"शिकवा?" जयवंताचा आवाज चढला. चार महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. "चार महिने सांगतेय, हलवू नका. छापलंय, सांगितलंय, हात जोडलेत. माझा सख्खा बाप आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत हलवत होता! हलवून काही बिघडत नाही म्हणून बरं. फोडल्यावर काय होईल? इथं प्रत्येक डबा फोडतात, साहेब. फेकत कुणी नाही."

गेणबा फेटा सावरत दुसरीकडं बघायला लागला.

"एका म्हातारीपायी आख्खा धंदा बुडवताय का, बाई?" आप्पासाहेब दात ओठ खात म्हणाले.

"एका? तुमच्या गोठ्यात कशाची चिमणी आहे, आप्पासाहेब?"

आप्पासाहेब जीपची किल्ली चाचपायला लागले. गोठ्यात आपल्याच कारखान्याचा डबा होता. त्यांनीच नेला होता.

"हवा भरून देते," जयवंता म्हणाली. "संपताना हवेला जोरच राहत नाही. शेवटी ओघळ येईल, पण कुणाचं काही जाणार नाही."

"ओघळ मी कंपनीत दाखवू शकत नाही," देवस्थळी उठत म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. चहा न घेता एसटीनं गेला एवढंच. त्यानं पुढं साधाच डबा घेतला, दुसरीकडून.

आप्पासाहेबांनी जीप बारामतीकडं दामटली. जयवंतानं डबा ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. दुसऱ्या दिवशी तिनं तो एमआयडीसीच्या मोकळ्या माळावर नेला, दगडांत रोवला आणि लांब पहारीच्या टोकानं फोडला. डबा उसळून लांब जाऊन पडला आणि बराच वेळ सूं करत राहिला. पत्र्यावर पांढरं दव धरलं. तो आवाज संपेस्तोवर ती तिथून हलली नाही. मग ती शेडमध्ये आली आणि पावडरच्या डब्याच्या टोपणाचं चित्र काढायला बसली.

पावसाळाभर टोपणंच काढली. मग गोदामात पडलेल्या पिशव्या बघून आप्पासाहेबांचा जीव जळायला लागला. "आता आणल्यात त्या उंदरांनी खायच्या का?" एकदा ते चिडून म्हणाले. "भरा तुमची हवा. इंदापूरकडं देऊन टाकू. गिऱ्हाईक शिव्या देईल ते तुमी ऐकायचं, मी ऐकणार न्हाय."

गिऱ्हाइकानं शिव्या दिल्याच. दिवाळीला जयवंता सणसरला आली तर स्टँडपासून घरापर्यंत तीन जणांनी अडवलं. डबा वाजत न्हाय. डब्याला शेवटाला दम न्हाय. शिंगाड्याची पोरगी लई शिकली, पर डबा काय जमला न्हाय बाई तिला. घरी पोचली तर ओट्यावर गेणबा. "जये, पुन्यांदा म्हातारंच केलंस की गं त्याला!"

तिच्या तोंडात आलं होतं, आबा, तुमच्या घरासाठीच केलं. पण काय सांगायचं आणि कुणाला? ती तणतणत आत गेली. दिवेलागण झालेली, वीज गेलेली. चुलीपुढं तानूबाई चिमणी पेटवत होती. नवीकोरी. वर 'हलवू नका' अशी जांभळी अक्षरं होती.

जयवंताचा राग जागच्या जागी थांबला. "आत्ये, ही कवा केलीस?"

"आज सकाळच्याला. आत पिशवी निगाली गं. कापली, ऱ्हायल्यालं औशीद बोटानं मेंढराला लावलं. वाया कशाला घालवायचं?"

"खिळा मारला तवा काय झालं?"

"काय व्हतंय? वाईच फुस्स केलं. मांजर शिंकावं तसं." तानूबाईनं वात वर ओढली, ज्योत नीट केली. "पर खरं सांगू का जये, राग नको धरूस. तुज्या डब्याला दमच न्हाय."

"न्हायच," जयवंता म्हणाली. "न्हायच गं, आत्ये."

तिनं खाली बसून आत्याचा हात हातात घेतला आणि चिमणीच्या उजेडात उलटा-सुलटा करून बघितला. बोटं जांभळी झाली होती. पाचही.

"काय बगतीस येवढं?" तानूबाई खेकसली. "घासून घासून धुतलाय. जात न्हाय मेला रंग."